अळवाखालचं पाणी

सूर्यकांत चुरी आयुष्यात एकाच नाटकात उभा राहिला, आणि त्यातही त्याच्या वाट्याला भूमिका आली ती जंतूची.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तलासरी तालुक्यात जुलाबाची साथ आली होती. आरोग्य खात्याला पाड्यापाड्यांवर पथनाट्य करायचं होतं आणि माणसं कमी पडत होती, म्हणून डहाणूच्या एका रुग्णालयानं आपला प्रयोगशाळेतला तरणा तंत्रज्ञ उसना दिला. तोंडाला काजळी, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं, अंगात काळी बनियन. झरीच्या शाळेपुढं लग्नाच्या जेवणाचं मोठं पातेलं मांडलेलं. सूर्यकांतनं त्यात उकिडवं बसायचं. आईचं काम करणाऱ्या नर्सबाईंनी खाली लाल कागदाचा जाळ लावायचा. मग यानं आधी गडगडाटी हसायचं, मग घामाघूम व्हायचं, मग किंचाळायचं आणि शेवटी पातेल्याच्या काठावर हात लोंबते टाकून मरायचं. वीस मिनिटं उकळलेल्या पाण्यात जंतू जगत नाही, हे वाक्य त्यानंतर सगळ्या पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायचं.

अकरा प्रयोग झाले. झरीचा सर्वांत रंगला. सूर्यकांत असा काही मेला की पुढच्या रांगेतली एक पोरगी रडायला लागली, आणि तिची समजूत काढायला त्याला शिंगं काढून पुन्हा जिवंत व्हावं लागलं. नंतर साथ ओसरली, पातेलं ज्याचं त्याला परत गेलं आणि सूर्यकांत आपल्या प्रयोगशाळेत परतला. पण ज्यानं एकदा टाळ्या ऐकल्या, त्याच्या कानातून त्या जात नाहीत. काम करताना तो तेच वाक्य पुटपुटत असे.

कामही त्याला त्या वाक्यासारखंच मिळालं होतं. तीस वर्षं तो जंतू मारत आला. रुग्णांचे नमुने तपासून झाले की बाटल्या, नळ्या, जंतू वाढवायच्या प्लेटा वाफेच्या भांड्यात घालायच्या, दाब चढवायचा, वेळ मोजायची. त्याच्या हातची बाटली उजेडात धरली तर काच आहे की नाही असा प्रश्न पडे. घरी बायको, सुषमाबाई, म्हणायच्या, "यांना जेवायला वाढलं की आधी ताट पुसतात आणि मग माझ्याकडं बघतात. तेहेतीस वर्षं झाली, अजून माझ्यावर विश्वास नाही."

अशा माणसापुढं तीन वर्षांपूर्वी डॉक्टर प्राजक्ता येऊन उभ्या राहिल्या. सूक्ष्मजीवांच्या डॉक्टर. वय चाळिशीच्या आतलं, बोलणं भरभर. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चुरीकाका, डहाणूतलं सर्वांत घाण पाणी कुठं मिळेल?"

सूर्यकांतला वाटलं, तक्रार आली असणार. तो सावरून म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं तसं काही नाही."

"असं कसं नाही? शोधा. मला हवंय."

तेव्हा त्याला पहिल्यांदा फाज हा शब्द नीट समजला. विषाणू म्हटलं की माणसाला आपलाच वैरी आठवतो. पण जिवाणूंनाही त्यांचे विषाणू असतात. हा फाज जिवाणूच्या मानानं इवलासा. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो आणि आपला सगळा मजकूर त्याच्या आत सोडतो. मग तो जिवाणू स्वतःचं काम विसरतो आणि या पाहुण्याच्याच नकला बनवत बसतो. अर्ध्या-पाऊण तासात त्याचं अंग फुटतं आणि शंभरेक नवे फाज बाहेर पडतात, पुढच्या घरी जायला. सूर्यकांत ऐकत राहिला. परकायाप्रवेशाच्या गोष्टी त्यानं लहानपणी ऐकल्या होत्या, पण त्यात राजे असत, साधू असत. गटारातही तोच खेळ रात्रंदिवस चालू असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

"आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक फाजाची भूमिका ठरलेली असते. एकाच जातीचा जिवाणू, कित्येकदा त्या जातीतलंही एखादंच घराणं. बाकी कुणाकडं तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून तर माणसाच्या पेशींना तो काही करत नाही."

त्यानंतर सूर्यकांत आपल्या लखलखीत बाटल्या घेऊन घाण गोळा करत हिंडू लागला. रुग्णालयाच्या सांडपाण्याची टाकी, बाजारामागचा नाला, कैनाडला गुरं बसतात ते डबकं. धाकटी डहाणूच्या खाडीवर तो बोटी लागायच्या वेळी जाई. मासळी धुतलेलं पाणी जिथं खाडीत उतरतं तिथं वाकून तो बाटली भरायचा, आणि पाट्या घेऊन बसलेल्या बायका त्याची फिरकी घ्यायच्या.

"भाई, म्हावरं सोडून गटार नेतोस? बायको घरात घेते का?"

"कालवण करते," सूर्यकांत म्हणायचा.

मॅडमनी त्याला सांगितलं होतं की खाडीच्या चमचाभर पाण्यात असे फाज कित्येक कोटी. समुद्रातल्या जिवाणूंचा मोठा हिस्सा रोज यांच्याच हातून मरतो. फुटलेल्या जिवाणूंमधलं अन्न पाण्यात विरघळतं, ते उरलेले जिवाणू खातात, त्यांना आणखी कुणी खातं, आणि अशा वळणांनी ते पार बायकांच्या पाटीतल्या बोंबलापर्यंत पोचतं. हे कळल्यापासून सूर्यकांत खाडीकडं निराळ्या डोळ्यांनी बघू लागला. ओहोटीचं पाणी चिखलावरून सरकत जाई, आणि त्याला वाटे, आपण तीस वर्षं मरणाची बाजू घेऊन उभे होतो, पण मरण तर आधीपासूनच इथं कामावर होतं, आणि किती नेमानं.

बाबल्या त्याच्या आयुष्यात आला तो या सगळ्यानंतर, गेल्या वर्षी.

बाबल्या कैनाडचा. चिकूच्या बागांमध्ये फळं उतरवायचा. जाळीची लांब काठी घेऊन फांदीवर उभा राहिला की तो पायांच्या बोटांनी फांदी धरतो असं बागवाले म्हणायचे. त्याच उजव्या पायाखाली बागेत फुटकी बाटली आली. जखम लहान होती, पण रक्तात साखर निघाली, आणि जखम भरायच्या ऐवजी आत उतरत गेली. अकरा महिने झाले. दोन बोटं काढावी लागली. पट्टी सोडली की हिरवट पू आणि शिळ्या द्राक्षांसारखा गोडसर वास. सूर्यकांतनं नमुना प्लेटवर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सगळी प्लेट शेवाळासारखी हिरवी. स्यूडोमोनास नावाचा चिवट जिवाणू. त्यावर रुग्णालयात होती नव्हती ती सगळी औषधं लावून बघितली. दोन सोडून एकाही औषधाला तो जुमानत नव्हता, आणि त्या दोनांपैकी एक बाबल्याच्या मूत्रपिंडांना सोसेना, दुसरं एकटं पुरं पडेना.

शस्त्रक्रियेचे डॉक्टर रविंद्र कमी बोलणारे. त्यांनी चार आठवडे दिले. "महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. पाय वाचवायच्या नादात माणूस घालवणार नाही मी."

बाबल्यानं ऐकून घेतलं. बाहेर बाकावर बसल्यावर तो सूर्यकांतला म्हणाला, "एका पायाचा मानूस झाडावर चढल, तर उतरल कसा?" आणि स्वतःच हसला. शेजारी त्याची बायको धाकली बसली होती. ती हसली नाही. तिनं पायाखाली घातलेलं फडकं नीट केलं.

मॅडमनी ठरवलं, बाबल्याच्याच जिवाणूला खाणारा फाज शोधायचा. सापडला तर पुण्याच्या एका संस्थेत तो शुद्ध करून घेता येईल, रुग्णालयाच्या समितीची परवानगी मागता येईल, बाबल्याची सही घेता येईल, आणि औषधाच्या जोडीनं जखमेत सोडता येईल. "गुण येईलच असं नाही," हे त्यांनी बाबल्याला आणि धाकलीला समोर बसवून सांगितलं. "पण दुसरं काही हातात नाही."

खाडी, नाला, टाकी, डबकं, सगळीकडची पाणी सूर्यकांतनं बाबल्याच्या जिवाणूवर सोडून बघितली. प्लेटवर हिरवी साय धरायची आणि अखंड राहायची. फाज असता तर त्या सायीत टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ गोल भोकं पडली असती. एकही पडलं नाही.

"आपण परक्या गावात शोधतोय," मॅडम एक दिवस म्हणाल्या. "हा जिवाणू अकरा महिने कुठं राहतोय? यांच्या घरी. जखम धुतलेलं पाणी कुठं टाकता हो, धाकलीताई?"

धाकली खाली बघत म्हणाली, "मागल्या दारी दगड हाय. त्याच्यावर पाय धुवते. पानी अळवात जाते."

मॅडमचा चेहरा उजळला. अकरा महिने दिवसाआड त्या अळवाच्या मुळाशी जिवाणू वाहत होता. जिथं शिकार नेमानं येते तिथं शिकारी असणारच. तीन दिवसांनी धाकली पट्टीसाठी नवऱ्याला घेऊन येणारच होती. सूर्यकांतनं आपली बाटली तिच्या हातात दिली. "अळवाखालचं पाणी यात भरून आणायचं. झाकण घट्ट लावायचं."

"डॉक्टरबाईंना पायजे?"

"हो, डॉक्टरबाईंनाच."

तिनं बाटली पदरात गुंडाळली, तान्हं मूल घ्यावं तशी.

पहिली बाटली आली. पाणी गढूळ, तळाशी माती. काही निघालं नाही. दुसरी आली. नाही. तिसरी आली, तेव्हा चार आठवड्यांतले अठरा दिवस सरले होते. तीही कोरी.

त्या दिवशी सूर्यकांतनं जुन्या सवयीनं एक गोष्ट केली. तिसऱ्या बाटलीतला थेंबभर गाळ त्यानं बाबल्याचा जिवाणू न लावलेल्या साध्या प्लेटवर फिरवून ठेवला, उगाच, हात रिकामा राहू नये म्हणून. सकाळी उघडून बघितलं आणि तो खुर्चीत बसला. प्लेटवर काहीच नव्हतं. फाज सोडाच, एक जिवाणू नाही. मोरीचं पाणी, मातीचं पाणी, आणि प्लेट धुतल्यासारखी. असं पाणी पृथ्वीच्या पाठीवर नसतं.

पहिला संशय त्याला स्वतःचाच आला. बाटली धुताना औषध राहिलं असेल. सुषमाबाईंना त्यानं जेवताना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी म्हणतच होते. तुमच्या बाटलीत जंतू जाईल कशाला, घाबरत असेल." त्यानं सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. बाटल्यांत काही नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी धाकली चौथी बाटली आणणार होती, तो कुणाला न सांगता सकाळच्या बसनं कैनाडला गेला.

पाड्यावर पोचला तेव्हा बाबल्या ओट्यावर पाय लांब करून बसला होता. "भाई, तुमी? पाय न्यायला तर नाय आले?"

"पाणी न्यायला आलोय. धाकली कुठाय?"

"मागं हाय. तुमचाच पानी करते."

पाणी करते, हे काही सूर्यकांतला कळलं नाही. तो वळसा घालून मागं गेला. दगड होता, दगडापाशी अळवाची कमरेएवढी पानं होती. आणि त्याच्या अलीकडं तीन विटांच्या चुलीवर जर्मनचं पातेलं चढवलेलं. आत तपकिरी पाणी खदखदत होतं, वर अळवाच्या देठाचा तुकडा नाचत होता. धाकली फुंकणीनं जाळ घालत होती. बाजूला उन्हात त्याची बाटली उपडी वाळत होती.

"हे काय, धाकली?"

"थोडं राह्यलं. आताच कढ आला. अजून इतकं," तिनं बोटानं भिंतीवरची सावली दाखवली, "सावली त्या खिळ्यापाशी गेली की वीस मिनटं."

सूर्यकांत त्याच दगडावर बसला. धाकलीला वाटलं, भाई चालून दमले. तिनं धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं.

"प्या. उकळलेलं हाय."

"ते बाटलीतलं पाणी... दर वेळी उकळायचीस?"

"मग? डॉक्टरबाईंना कसं घान द्यायचं?" ती आपलं तोंड पदरानं पुसत म्हणाली. "आमच्या झरीला, मी लहान होते, तवा नाटक आल्तं. एक काळा जंतू होता, शिंगं होती. त्याला पातेल्यात घालून मारला. मी रडले तर तो उठून आला, म्हनाला, रडू नको पोरी, मी खोटा मेलो, पण घरचा जंतू खरा मारायचा. तवापासून माझ्या घरात कच्चं पानी कोन प्यालं नाय. दोन पोरं वाढवली, एकाला जुलाब नाय."

चुलीतलं लाकूड तडकलं. सूर्यकांत तिच्याकडं बघत राहिला. पुढच्या रांगेतली ती पोरगी. पंचवीस वर्षं तिनं त्याचं वाक्य जिवापाड सांभाळलं होतं. अकरा प्रयोगांमध्ये कुणावर तरी परिणाम झाला असेल का, असं त्याला अनेकदा वाटून गेलं होतं. झाला होता. असा झाला होता की त्यापायी तिच्या नवऱ्याच्या पायाचे बारा दिवस गेले होते.

"तो जंतू मी होतो," तो म्हणाला.

धाकलीनं त्याला नीट न्याहाळलं, पांढरे केस, चष्मा. "तुमी नाय. तो लय दांडगा होता."

"होतो तेव्हा."

मग त्यानं तिला सांगितलं. पातेल्यात जे मेलं त्यातच औषध होतं, हे सांगायला काही सोपे शब्द नव्हते. सांगून होईपर्यंत तिचा हात फुंकणीवरून खाली आला होता. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हंजे पाय माझ्यामुळं जाईल," ती हळूच म्हणाली.

"नाही. तू सांगितलं तेच केलंस. सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं. हे पाणी उकळू नको, एवढं मी बोललो असतो तर झालं असतं. पण मला ते सांगायचं सुचलंच नाही, कारण उकळायचं नाही असं मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं."

ओट्यावरून बाबल्याचा आवाज आला, "काय भांडता तिथं? पानी सांडलं का?"

सूर्यकांत उठला. त्यानं अळवाची पानं बाजूला केली, गुडघे टेकले आणि आयुष्यभर सांभाळलेले हात मनगटापर्यंत त्या काळ्या रबडीत घातले. पिशवीतून आणलेली दुसरी बाटली गळ्यापर्यंत भरली. धाकली शेजारी बसून पानं धरून होती.

त्याच दुपारी तो डॉक्टर रविंद्रांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. खरं तर गप्प बसता आलं असतं. धाकली कुठं बोलणार नव्हती, आणि मॅडमना वाटलं असतं की चौथ्या बाटलीत नशीब उघडलं. पण महिना संपायला सात दिवस उरले होते, आणि सात दिवसांत पुण्याचं काम होणार नव्हतं. दिवस मागायचे तर ते कुठं गेले हे सांगणं भाग होतं.

"सर, बारा दिवस माझ्या चुकीनं गेले," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. नाटकाचंही.

डॉक्टर रविंद्रांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही जंतूचं काम करायचात?"

"हो."

"मला वाटलं होतं तुम्ही कधी हसत पण नसाल." त्यांनी बाबल्याचा कागद ओढला. "महिन्यावर पंधरा दिवस देतो. ताप चढला किंवा लाली घोट्याच्या वर गेली तर त्याच दिवशी थांबायचं. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

दोन दिवसांनी सकाळी सूर्यकांतनं प्लेट उघडली. हिरव्या सायीवर भोकं पडली होती. स्वच्छ, गोल, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. त्यानं मॅडमना हाक मारली नाही. आधी एकट्यानं थोडा वेळ बघून घेतलं, पडदा उघडायच्या आधी नट फटीतून भरलेलं प्रेक्षागृह बघून घेतो तसं.

अळवाखाली दोन वेगवेगळे फाज निघाले, आणि ते बरं झालं. एकाला चकवायला जिवाणू शिकलाच तर दुसरा असावा. पुण्याहून ते शुद्ध होऊन आले तेव्हा दिलेल्या पंधरा दिवसांतले दोन उरले होते. लाली घोट्याला टेकून थांबलेली. पुढचे तीन आठवडे जखमेत फाज आणि शिरेतून औषध, दोन्ही बरोबर चाललं. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दहाव्या दिवशी पट्टी सोडताना धाकली थबकली. तो गोड वास नव्हता. आणखी दीड महिन्यानं तळव्यात गुलाबी मांस भरून आलं. मॅडम मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, यात फाजाचं किती आणि औषधाचं किती, हे एका पायावरून सांगता येणार नाही.

यंदा चिकूचा बहार सुरू झाल्यावर बाबल्या प्रयोगशाळेत आला. आठ बोटांच्या पायांवर, जरा डावीकडं झुकत, पण काठीशिवाय. झाडावर अजून चढत नाही, खालून जाळी फिरवतो. धाकली त्याच्या मागं.

"भाई, तो दाखवा मला. माझा पाय ज्यानं राखला तो."

सूर्यकांतनं जपून ठेवलेली प्लेट उजेडात धरली. बाबल्यानं डोळे बारीक केले. "दिसत नाय."

"तो नाही दिसत. त्यानं जिथं खाल्लं ती जागा दिसते. ही भोकं."

बाबल्या बघत राहिला. मग मान हलवत म्हणाला, "म्हंजे वाघोबाच. तोबी दिसत नाय. पावलं दिसतात." आणि त्यानं प्लेटीला हात जोडले, पाड्याच्या शिवेवरच्या वाघोबाच्या शेंदरी दगडाला जोडतात तसे.

धाकलीला मात्र दुसरंच विचारायचं होतं. "भाई, अळू उपटून टाकू का आता?"

"राहू दे. मॅडमना अजून पाणी लागेल त्यातलं."

"कच्चं?"

"कच्चं."

"आन भाजी? कापून खायची का नाय?"

सूर्यकांतच्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, "खा, पण चांगलं उकळून खा."

धाकलीनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिला हसू आवरेना. सूर्यकांतनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा. "भाई," ती म्हणाली, "अळू कच्चं कोन खाते?"